रस्त्यात वाढणारा खवा

चाँदपाशा गोंधळलेले असतात, आणि तो गोंधळ त्यांना शोभतो. एखाद्याला फेटा शोभावा तसा. "चहा घेता का दूध?" असं विचारलं की ते "व्हय" म्हणतात. मागं एकदा परंड्याला पाहुण्यांच्या लग्नाला म्हणून गेले, शेजारच्या मांडवात शिरले, आहेर केला, जेवले, नवरदेवाला तोंडभरून दुवा दिली आणि परत आले. अजीजाबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, "दुल्हन कैसी है?" विचारलं, तेव्हा म्हणाले, "दुल्हन अच्छी है, पर अपने में का एक बी आदमी नै दिखा."

हा सगळा गोंधळ जमिनीवरचा. पिकअपच्या स्टेअरिंगमागं बसले की माणूस बदलतो. येरमाळ्याहून रोज सकाळी ते डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर जातात, तिथल्या भट्ट्यांवरचा ताजा खवा गोळा करतात आणि दुपारपर्यंत येरमाळ्याच्या खवा केंद्रावर आणून पोचवतात. तिथनं तो बार्शीकडच्या एका कोल्ड स्टोरेजला आणि पुढं पुण्याच्या एका मिठाई कंपनीला. या वाटेवरचा प्रत्येक खड्डा त्यांना घरच्या माणसासारखा ओळखीचा आहे. गाडीच्या तोंडाला लिंबू-मिरची, आरशाला दर्ग्याचा हिरवा धागा आणि मागच्या फळीवर काळी बाहुली. "कोणची लागू पडंल सांगता येत न्हाय," हे त्यावरचं त्यांचं म्हणणं.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्याकडं दुभत्याचा आकडा कुणी तोंडानं पुरा सांगत नाही. म्हैस चांगली दूध देत असली तरी विचारणाऱ्याला "देती आपली चहापुरतं" असंच सांगायचं. पुरा आकडा बोलला की नजर लागते. मग म्हैस लाथा मारते, आटते, नाहीतर नुसतीच रुसून बसते. त्यामुळं भट्टीवर गाडी थांबवून चाँदपाशांनी "किती हाय आज?" विचारलं की उत्तर येतं, "कुठलं काय, दोन डबे आसत्याल." मग आतून चार डबे बाहेर येतात. चाँदपाशा ते चारही गाडीत चढवतात. दोन म्हणाले होते आणि चार कसे, असं ना ते विचारत, ना देणारा सांगत. पाणी ओलं असतं हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसंच हे.

गंमत अशी, की ही रीत पाळणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण तेवढे कमी सांगतो. बाकीचे कशाला कमी सांगतील?

गणपती तोंडावर आले तशी पुण्याच्या कंपनीची तक्रार वाढली. एका आठवड्यात खवा कमी, पेढ्याची दुकानं कोरडी; दुसऱ्या आठवड्यात इतका, की ठेवायला जागा नाही. केंद्र म्हणे, आम्ही वेळेवर पाठवतो. कोल्ड स्टोरेजवाले म्हणत, आमच्याकडं जागाच नसते. कंपनी म्हणे, आम्ही तर मागणी कळवलेलीच असते. तिघं तीन तोंडांनी बोलत होते. शेवटी कंपनीनं ठरवलं की या तिघांचा व्यवहार एकाच कम्प्युटरमध्ये घालायचा आणि खरा खवा हलवायच्या आधी खोटा हलवून बघायचा. याला सिम्युलेशन म्हणतात. आणि ते करायला त्यांनी श्रावस्तीला पाठवलं.

श्रावस्ती इकडच्याच बेंबळी गावची. इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागलेली. खांद्याला लॅपटॉप, पायात बूट, आणि बोलण्यात पुणं असलं तरी राग आला की बेंबळी बाहेर यायची. केंद्राचे मालक सोमेशशेठ वयानं तरणे, वडिलांनी नुकतीच गादी सोपवलेली. त्यांनी चाँदपाशांना आत बोलावलं, "पाशाभाई, या, तुमची गाडी बघा."

चाँदपाशांनी खिडकीतून बाहेर बघितलं. गाडी जागेवर होती.

"तिकडं नाही चाचा, इथं," श्रावस्ती म्हणाली. पडद्यावर सगळा मुलूख पसरला होता. डोंगरावरच्या भट्ट्या म्हणजे लाल ठिपके, केंद्र म्हणजे निळं घर, आणि रस्त्यावरून सरकणारा एक पिवळा चौकोन. "हा चौकोन म्हणजे तुमची पिकअप."

"माझी पांढरी हाय."

"रंग बदलता येतो."

"ऱ्हाऊ द्या बाई, रंगाचा खर्च कशाला. पर ह्यात बसलंय कोन?"

"कुणीच नाही."

"मग चालतीय कशानं?"

"गणितानं."

बिनड्रायव्हरची गाडी घाटात घालणाऱ्या गणिताबद्दल चाँदपाशांचं मत त्याच क्षणी ठरून गेलं.

"समजा," श्रावस्ती म्हणाली, "तुमची गाडी घाटात बंद पडली..."

"आसं बोलू न्हाय बाई."

"नुसतं समजा हो." तिनं एक बटण दाबलं. पिवळा चौकोन घाटात थांबला. मग पडद्यावरचे दिवस भराभर पळाले, कोल्ड स्टोरेज रिकामं झालं आणि पुण्याचं दुकान लाल झालं. "बघा, इथं गाडी थांबली की तिकडं पेढा संपतो. हे आधीच कळलं तर आपण आधीच तजवीज करतो. म्हणून हे सगळं."

"कळलं," चाँदपाशा म्हणाले. "आता ती गाडी चालू करा की."

श्रावस्ती दुसरंच काही दाखवायला लागली होती. चाँदपाशांचं लक्ष मात्र घाटातल्या चौकोनाकडं. शेवटी तिनं बटण दाबून तो हलवला, तेव्हा कुठं ते खुर्चीत नीट टेकले.

अडचण पुढं आली. श्रावस्तीनं डोंगरावरच्या सगळ्या भट्ट्यांना फोन करून विचारलं होतं, तुमचा रोजचा खवा किती? सगळ्यांनी आपापल्या रीतीनं सांगितलं. चाँदपाशांना विचारलं, गाडी किती भरते? तेही म्हणाले, "आर्धीमुर्धी भरती." भरलेल्या गाडीला भरलेली म्हणायची त्यांची छाती नव्हती. हे सगळं कम्प्युटरनं श्रद्धेनं ऐकून घेतलं. आणि केंद्रावरच्या काट्याचे आकडे त्यात घातल्यावर तो बुचकळ्यात पडला. त्याच्या हिशेबानं पिकअप डोंगरावरून निघायची अर्धी, आणि केंद्रावर पोचायची भरून.

श्रावस्तीनं गणित परत तपासलं. सोमेशशेठनी काटा तपासला. गाडी निघते अर्धी, पोचते भरून. खवा रस्त्यात वाढत होता.

सणासुदीला खवा रस्त्यात वाढला की त्याचा अर्थ एकच निघतो. बाहेरचा, भेसळीचा खवा कुठूनतरी आत घुसतोय. पुण्याचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. गोरा चेहरा, मागं काचेची भिंत. चाँदपाशा पडद्यापुढं कोर्टात पेशीला उभं राहावं तसे उभे.

"तुम्ही वाटेत कुठं थांबता?" साहेबांनी विचारलं.

"च्याला."

"कुठं?"

"कोन पाजंल तिथं."

"आणि तिथून गाडीत काही चढतं का?"

"चढतंय की. म्याच चढतो परत."

सोमेशशेठ खोकले. साहेब हसले नाहीत. "मग निघताना अर्धा असलेला खवा पोचेपर्यंत दुप्पट कसा होतो?"

चाँदपाशांनी खरोखर विचार केला. कपाळावर आठ्या आल्या. भट्टीवरची माणसं कमी बोलतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते ज्ञान हातात होतं, डोक्यात नव्हतं. डबे उचलायच्या वेळी तेवढं जागं व्हायचं. आणि समजा आठवलंही, तरी चार माणसांत "भट्टीवाले खोटं सांगतात" असं तोंडातून कसं काढायचं? शेवटी ते म्हणाले, "बरकत म्हनायची साहेब. दुसरं काय?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "श्रावस्ती, हा बरकत कोण? आपल्याकडं नोंद आहे का त्याची?"

निकाल असा लागला: श्रावस्तीनं एक फेरी चाँदपाशांबरोबर जाऊन डोळ्यानं बघायचं. तिथं समाधान झालं नाही तर डोंगराच्या वाटेवर कंपनीची कुलूपबंद गाडी येईल, आणि चाँदपाशांनी घरी बसायचं. घरी बसण्याचं एक वेळ सोसलं असतं. पण पाशानं खव्यात खवा मिसळला, हे येरमाळ्यात एकदा पसरलं की त्यांच्या गाडीत पुन्हा कुणी रिकामा डबासुद्धा ठेवला नसता.

बाहेर येऊन चाँदपाशांनी पिकअपचा मागचा पडदा उचलून आत बघितलं. गाडी रिकामीच होती, खवा केव्हाच उतरवला होता. तरी बराच वेळ बघत राहिले. माणसाला एकदा शंका आली की तो स्वतःचा खिसाही परक्यासारखा चाचपतो.

घरी अजीजाबीनं सगळं ऐकलं. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, "सच बोलो जी, तुमे कुच डाले क्या उसमें?"

"तुमीच ऐसा पुछे तो मैं किधर जाऊँ?"

"पुछी मैं. गाली थोडी दी." तिनं भाकरी उलटली. "इत्ते साल में तुमकू घर की चाय में शक्कर बराबर डालनी नै आई. खवे में खवा क्या डालेंगे तुम!"

हे शब्द कौतुकाचे होते की अपमानाचे, हे चाँदपाशांना ठरवता आलं नाही. पण जेवण पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी श्रावस्ती पिकअपच्या पुढच्या सीटवर बसली. मांडीवर लॅपटॉप. चाँदपाशांनी त्या दिवशी गाडी इतकी जपून चालवली की मागून येणारा एक बैल पुढं निघून गेला. पहिल्या भट्टीवर त्यांनी विचारलं, "किती हाय?" आतून आवाज आला, "हाय थोडकं." आणि डबे यायला लागले. श्रावस्ती बघत राहिली. दुसऱ्या भट्टीवर तेच. तिसऱ्या भट्टीवर म्हातारा गडी "आज काय न्हाय बघा" म्हणाला आणि तीन डबे घेऊन आला. श्रावस्तीनं लॅपटॉप उघडला, बंद केला, परत उघडला.

"चाचा, हे लोक असं का करतात?"

"कसं?"

"कमी सांगतात आणि जास्त देतात."

चाँदपाशांनी गाडी थांबवली. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. खरं होतं, पण कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. "आता तुमी म्हनलाव म्हनून," ते हळूच म्हणाले, "पर त्येला रीत म्हनत्यात."

शेवटची भट्टी माळेवाडीच्या मुक्ताबाईंची. बाई साठीच्या, आवाज खणखणीत, हातात खवा ढवळायचा लांब उलथणा. चाँदपाशा त्यांना आक्का म्हणतात.

"आक्का, किती हाय?"

"कुठला खवा आन कुठलं काय. दोन डबे आसत्याल, तेबी नशीब." आणि मग दोन, तीन, चार, पाच डबे.

"काकू," श्रावस्ती म्हणाली, "तुम्ही तर दोन म्हणालात. हे पाच झाले की."

उलथणा हवेतच थांबला. "मोजलंस व्हय गं पोरी? म्हशी ऐकायल्यात की तिकडं! थांब तिथंच." मुक्ताबाई आत पळाल्या, मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आल्या, डब्यांवरून ओवाळल्या, गोठ्यावरून ओवाळल्या, आणि उरलेलं थोडं लॅपटॉपवरूनही ओवाळून चुलीत टाकलं. ठसका लागून चाँदपाशा गाडीमागं गेले.

श्रावस्ती मात्र पायरीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझी आई अगदी अशीच," ती म्हणाली. "परवाच फोनवर विचारलं, शेळ्या किती झाल्या गं? तर म्हणती, हायत दोन-चार. आणि मी घरी जाऊन बघितलं तर अकरा!"

"आकरा म्हनलीस," मुक्ताबाई गंभीर झाल्या. "आधी आईला फोन लाव आन उतरून टाक म्हनाव."

श्रावस्तीला सगळं कळलं होतं. तिनं तिथूनच पुण्याला फोन लावायचं ठरवलं. माळेवाडीत रेंज मिळते ती एकाच जागी, गोठ्याच्या खांबापाशी. तिथं उभं राहून तिनं साहेबांना समजावलं, की खवा रस्त्यात वाढत नाही, भट्टीवर तो फक्त कमी सांगितला जातो. कम्प्युटरनं लोकांचं तोंड ऐकलं, हात बघितले नाहीत, आणि मीच त्याला तसं शिकवलं.

साहेबांना ते पुरतं पटलं नाही. "तू येणार हे त्यांना माहीत होतं. एका दिवसाचं मी धरणार नाही. त्या बाईंना फोन दे. त्यांच्या तोंडून पुरा आकडा ऐकला, तर मानतो. नाहीतर उद्यापासून आपली गाडी."

श्रावस्तीनं फोनवर हात ठेवून मुक्ताबाईंना हे सांगितलं. मुक्ताबाईंनी उलथणा भिंतीला टेकवला.

"पुरा सांगू? तोंडानं?"

"हो काकू. एकदाच."

"ते काय जमायचं न्हाय बाई. मागं एकदा आमच्या मालकानं बाजारात फुशारकीनं सांगितलं आन चांगली गाभण म्हैस..." त्यांनी चाँदपाशांकडं बघितलं. "आन म्या न्हाय सांगितलं तर?"

"तर काय," चाँदपाशा म्हणाले, "दुसरी गाडी यील. कुलुपाची. तुमचा खवा जायचा ऱ्हात न्हाय आक्का. त्याची काळजी करू नगा."

"आन तू?"

"म्या..." चाँदपाशांना पुढं काय येतं ते आठवेना. "म्या बघतो काय ते."

मुक्ताबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्यो साह्यब तुला चोर म्हनायलाय व्हय रं पाशा?"

"चोर न्हाय म्हनले. खवा कसा वाढतो, येवढंच इचारलं."

"तेच की! वाढला तर ह्येला सुख न्हाय, कमी झाला तर ह्येला सुख न्हाय." त्या तरातरा गोठ्याकडं गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. गोठ्यात तीन म्हशी शांतपणे रवंथ करत होत्या, आणि फोन बरोबर त्यांच्या डोक्याजवळच्या खांबाशी. "सांगते. पर ह्यांच्या कानावर पडाया नगं. पाशा, म्हशी सोड आन घेऊन जा तिकडं लांब. म्या हाक मारस्तोवर आनू नगंस."

चाँदपाशांनी तिन्ही दावी हातात घेतली. ज्या बोलण्यावर त्यांचं सगळं अवलंबून होतं, ते ऐकण्याऐवजी ते तीन म्हशी घेऊन माळावर निघाले. म्हशींना का नेतायत हे म्हशींना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चाँदपाशांनाही पुरतं कळलं नव्हतं. पण आक्का म्हणतात म्हणजे काहीतरी असेल.

ते पुरेसे लांब गेल्यावर मुक्ताबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, फोन तोंडाशी धरला आणि पुरा आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही. म्हशी अजून दुभत्या आहेत.

"मग आधी अर्धा का सांगितला?" साहेबांचा आवाज आला.

"तुमच्या घरी पोरगं जेवताना पोळ्या मोजत्यात का?"

मग साहेब जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "नाही. आई मोजू देत नाही."

"मग झालं की. येवढे शिकलेले तुमी!"

फोन श्रावस्तीच्या हातात परत आला. तिनं साहेबांना सांगितलं, की आता ती प्रोग्राममध्ये सांगितलेला खवा एकीकडं आणि काट्यावरचा दुसरीकडं ठेवेल, आणि कोल्ड स्टोरेजवाले जागा नाही म्हणतात तेही एकदा आत जाऊन बघेल. त्यांच्याकडंही कुणीतरी रीत पाळत असणार. साहेब म्हणाले, "बघ. आणि गाडी पाशाभाईंचीच राहू दे. त्यांना दे फोन, मी बोलतो."

"ते इथं नाहीत सर. म्हशी धरून लांब उभे आहेत."

"का?"

"रेंज जातेय सर," असं म्हणून श्रावस्तीनं फोन ठेवला.

चाँदपाशा माळावर एवढेसे दिसत होते. श्रावस्तीनं आनंदानं दोन्ही हात वर करून हलवले. चाँदपाशांनी ते बघितलं. त्यांना वाटलं, आकडा अजून सांगून व्हायचाय आणि म्हशींना इथपर्यंत ऐकू येतंय. त्यांनी दावी ओढली आणि म्हशी आणखी लांब न्यायला लागले. श्रावस्तीनं जोरजोरात हात हलवले. चाँदपाशांनी पाऊल उचललं. म्हशींचं पोट हिंदकळत होतं, पण त्यांनी दया दाखवली नाही.

"आगं बाई, ह्यो कुठं निगाला?" मुक्ताबाई ओरडल्या. "गाडीत खवा भरून पडलाय आन ड्रायव्हर म्हशी घेऊन चाललाय!"

शेवटी श्रावस्ती धावत सुटली. बुटात खडे, केस मोकळे, बोलण्यातलं पुणं पार गळून पडलेलं. "ओ चाचा! थांबा की हो! गाडी तुमचीच हाय!"

"गाडी माझीच हाय की!" चाँदपाशा तिकडून ओरडले. "पर म्हशी आक्काच्या हायत!"

टेकाडाच्या उतारावर तिनं त्यांना गाठलं. धापा टाकत सगळं सांगितलं: आक्का बोलल्या, साहेबांनी मानलं, कुलूपबंद गाडी येणार नाही, कुणी काही मिसळलेलं नाही. चाँदपाशांनी सगळं ऐकून घेतलं. म्हशी मिळालेल्या वेळात चरायला लागल्या होत्या.

"म्हंजी," त्यांनी जपून विचारलं, "म्या काय बी केलं न्हवतं?"

"नाही चाचा. काही नाही."

"मलाबी तसंच वाटत व्हतं," चाँदपाशा म्हणाले, आणि एका म्हशीचं दावं त्यांनी तिच्या हातात दिलं.